गडावरचे गडकरी

११ जुलै २०२५ ला पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठ्यांचे बारा किल्ले आपल्या यादीत घेतले, आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर शुभेच्छांची जी रीघ लागली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही आटली नाही. पुण्याच्या भाचीपासून परदेशातल्या पुतण्यापर्यंत सगळ्यांनी पन्हाळ्याचे जुने फोटो शोधून शोधून टाकले. योगायोग असा की महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले तेही १६६० च्या जुलैत, जवळपास याच तारखांना. त्यामुळे आनंद दुप्पट.

मग एकेकाचे प्रश्न सुरू झाले. "काका, आता युनेस्को पैसे देणार ना? पन्हाळा आता चकाचक होणार!" शिक्षकाला प्रश्न विचारला की तो दोन ओळींत उत्तर देत नाही, हे आमच्या घरातल्यांना ठाऊक आहेच. तेव्हा मंडळी, हे सविस्तर उत्तर.

पहिली गोष्ट म्हणजे युनेस्को पैसे देत नाही. जागतिक वारसा निधी नावाचा एक लहानसा निधी त्यांच्याकडे आहे, पण तो मुख्यतः गरीब देशांसाठी आणि संकटात सापडलेल्या स्थळांसाठी. यादीत नाव येणं हा मान आहे आणि जबाबदारीही आहे, पण खर्च ज्याचा त्याने करायचा. आपल्या बारा किल्ल्यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे आठ केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. म्हणजे पन्हाळ्याचा मालक-पालक दिल्लीत.

पण पन्हाळा बाकीच्या अकरांसारखा नाही. तिथे माणसं राहतात. एखाददुसरं कुटुंब नव्हे, चांगलं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. तालुक्याचं ठिकाण, गिरिस्थान नगरपरिषद, शाळा, कचेऱ्या, सगळं तटाच्या आत. सकाळी मुलं दप्तरं घेऊन अंबरखान्यावरून जातात. म्हणून "सरकारने वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं" हा प्रश्न पन्हाळ्यावर जितका टोचतो तितका कुठेच टोचत नाही. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

पन्हाळा बांधला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाने, बाराव्या शतकाच्या अखेरीस. पुढे यादव, बहामनी, आदिलशाही असे धनी बदलत गेले. १६५९ मध्ये अफजलखानाच्या वधानंतर थोड्याच दिवसांत महाराजांनी तो घेतला, पुढे गेला, १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी परत मिळवला. १७०१ मध्ये खुद्द औरंगजेब इथे तळ देऊन होता, आणि विल्यम नॉरिस नावाचा इंग्रज वकील त्याला इथेच येऊन भेटला. ताराराणींनी राजधानी केली. १७८२ मध्ये करवीरची गादी खाली कोल्हापुरात आली. ही सनावळी माझ्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेली आहे (निदान परीक्षेपुरती तरी), म्हणून त्यात फार रेंगाळत नाही.

मला सांगायचं आहे ते लढायांबद्दल नाही, लढाई नसलेल्या दिवसांबद्दल. सात किलोमीटरच्या आसपास तट, त्यात कोठारं, विहिरी, तळी, वाटा. हे सगळं शतकानुशतकं उभं कसं राहिलं? आपल्या घराची गच्ची दोन पावसाळ्यांत गळते!

उभं राहिलं कारण ते सांभाळणं हा कुणाचा तरी पोटाचा धंदा होता. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असे अधिकारी असत. एकाच्या हाती किल्ल्या, दुसऱ्याच्या हाती हिशेब, तिसऱ्याच्या हाती कोठार आणि बांधकाम. एकट्याने दगा करायचा म्हटला तरी जमू नये अशी व्यवस्था. गडाच्या घेऱ्यात रामोशी, बेरड, महार, कोळी अशा लोकांची राखण. आणि या सगळ्यांना त्याबद्दल जमिनी, इनामं, वेतनं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांचं एक प्रकरणच आहे. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ, करवीरच्या संभाजीराजांसाठी लिहिलेला. पंतांची समाधी पन्हाळ्यावरच आहे. त्या प्रकरणात नुसते डावपेच नाहीत. पाण्याची टाकी आधी खोदा, मग गड बांधा. झाडं लावा, असलेली जपा. वाटेवर केरकचरा पडू देऊ नका आणि तो गडाखालीही ढकलू नका, जागच्या जागी जाळून राख परसात टाका आणि त्यावर भाजीपाला पिकवा, इथपर्यंत बारकावे आहेत. तीनशे वर्षांपूर्वीचं घनकचरा व्यवस्थापनच म्हणा की! आजच्या एखाद्या संवर्धन आराखड्यात हे असंच्या असं घातलं तरी कुणाला शंका येणार नाही.

असे जे गड सांभाळणारे, पिढीजात वतनं असलेले लोक, त्यांना गडकरी म्हणत. (राम गणेश नव्हेत. पण आडनाव तिथूनच आलं.)

आता १८४४ कडे येऊ. कोल्हापूरच्या इतिहासातलं हे प्रकरण शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलं जातं, आणि मला त्याचा नेहमी राग येत असे. कोल्हापूरचे छत्रपती त्या वेळी अल्पवयीन होते. इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. त्यांनी कारभाराची नवी घडी बसवायला घेतली आणि गडकऱ्यांच्या जमिनी मामलेदारांच्या देखरेखीखाली आणल्या. कागदावर पाहिलं तर साधा महसुली बदल. पण गडकऱ्याच्या दृष्टीने बापजाद्यांपासून ज्या जमिनीच्या बळावर आपण हा गड राखला, तीच हातची निघाली. सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड पेटला. सामानगड ऑक्टोबरात पडला तरी आग विझली नाही, खुद्द कोल्हापुरात उठाव झाला. बाबाजी अहिरेकर पुढे आला. कर्नल ओव्हन्स हा बडा इंग्रज अधिकारी बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावरच अडकवून ठेवलं. पुढे त्याला सोडलं, पण इंग्रज फौज आलीच. १ डिसेंबर १८४४ ला तोफांनी तटाला खिंडार पाडून पन्हाळा आणि शेजारचा पावनगड घेतला. बाबाजी अहिरेकर त्या लढाईत पडला.

आणि मग इंग्रजांनी काय केलं? गडावर चढणाऱ्या मुख्य वाटेवरचा चार दरवाजा पाडून टाकला. आज एस.टी. जिथून वर येते तिथे नाक्याला "चार दरवाजा" म्हणतात, पण दरवाजा काही नाही, नुसतं नाव आणि थोडे अवशेष. सहलीला आलेली पोरं मला हमखास विचारायची, "सर, चारातला एक तरी कुठे आहे?"

तटाला पहिलं खिंडार तोफेने पाडलं असं आपण म्हणतो. मला वाटतं ते पाचसहा महिने आधीच पडलं होतं, गडकऱ्याच्या जमिनीचा कागद मामलेदाराकडे गेला त्या दिवशी.

पुढची गंमत पाहा. ज्या राजवटीने दरवाजे पाडले तिलाच नंतर वास्तूंचा पुळका आला. १८६१ मध्ये कनिंगहॅमच्या हाताखाली पुरातत्त्व सर्वेक्षण सुरू झालं. कर्झनने १९०४ मध्ये प्राचीन वास्तू जतनाचा कायदा केला. त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं, कारण अनेक वास्तू त्या कायद्याने वाचल्या. पण सरकारच्या मनात कोणत्या वास्तूची किंमत किती, हे बघायचं तर रायगडाकडे बघा. १८८० च्या दशकात, समाधीच्या दुर्दशेवर बरीच ओरड झाल्यावर, सरकारने तिच्या देखभालीसाठी वर्षाला ५ रुपये मंजूर केले. पाच! १८९५ मध्ये टिळकांनी केसरीतून हाक दिली, निधी जमू लागला, १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला, आणि समाधीचा जीर्णोद्धार व्हायला १९२६ उजाडलं. आज त्याच रायगडासाठी प्राधिकरण आहे आणि ६०६ कोटींचा आराखडा आहे. पाच रुपयांपासून सहाशे कोटींपर्यंतचा हा प्रवास स्वातंत्र्याचा आहे, हे तक्रारी करताना आपण विसरू नये.

स्वतंत्र भारताने ही जबाबदारी संविधानातच लिहून घेतली. कलम ४९ म्हणतं की राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू आणि स्थळं जपणं हे राज्यसंस्थेचं कर्तव्य आहे. मग १९५१ चा कायदा, त्यानंतर १९५८ चा, जो आजही चालतो. महाराष्ट्राने १९६० मध्ये स्वतःचा कायदा केला. आपल्या जिल्ह्यातलं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर १९५४ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत गेलं. आपल्यापैकी ज्यांनी तिथला स्वर्गमंडप आणि मंदिराला पाठीवर घेतलेले ते हत्ती पाहिले नसतील, त्यांनी नृसिंहवाडीला जाताना वाट वाकडी करावी.

देशभर अशी राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं साधारण ३,६८० आहेत. अलीकडच्या वर्षांत पुरातत्त्व खात्याची वार्षिक तरतूद हजार ते तेराशे कोटींच्या घरात असते. गणित सोपं आहे. सरासरी काढली तर एका स्मारकाच्या वाट्याला तीस-पस्तीस लाख, आणि तेही पगार, उत्खनन, संग्रहालयं हे सगळं धरून! पन्हाळ्याच्या तटाचा एक बुरूज नीट चुन्यात बांधायचा म्हटलं तर त्यातलं किती उरेल?

पैशापेक्षा मला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांनी देशातल्या दीडेक हजारांहून अधिक संरक्षित स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. चोरीला गेली म्हणायचं तर ही काय मूर्ती आहे खिशात घालून न्यायला? आजूबाजूला घरं होत गेली, रस्ते झाले, आणि एक दिवस ती वास्तू नाहीशी झाली. ती नाहीशी होताना पाहायला तिथे कुणी नव्हतं. २०२२ मध्ये संसदेच्या समितीसमोर आलं की सुरक्षारक्षक आहेत ते फक्त २४८ ठिकाणी. बाकीच्या साडेतीन हजार ठिकाणी निळी पाटी. "हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असून..." ही पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. पाटी राखण करत नाही. राखण गडकरी करायचा.

मग सरकारने काय केलं? राखणदार वाढवण्याऐवजी नियम वाढवले. १९९२ मध्ये अधिसूचना निघाली की संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगीने. मधल्या काळात विशेष परवानग्या दिल्या जात होत्या. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की असं करता येणार नाही. त्यावर २०१० मध्ये कायद्यातच दुरुस्ती झाली, राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झालं, आणि १०० मीटरची रेघ पक्की झाली. आत नवं बांधकाम नाही म्हणजे नाही. १९९२ पूर्वीचं घर असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो.

दिल्लीत बसून ही रेघ सोपी वाटते. पन्हाळ्याचा नकाशा घ्या, कर्कटक घ्या, आणि तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव अशा एकेका वास्तूभोवती वर्तुळ काढत चला. गावाचा मोठा भाग वर्तुळांत येतो. म्हणजे पोराचं लग्न झालं, एक खोली वाढवायची, तर नाही. म्हणूनच युनेस्कोचं नामांकन चालू होतं तेव्हा गडावरच्या रहिवाशांनी विरोध केला. खाली कोल्हापुरात काही लोक त्यांना नावं ठेवत होते, की यांना महाराजांच्या गडाचं काही नाही, यांना आपल्या हॉटेलांचं पडलंय. मला ते पटलं नाही. नियम आधीचेच आहेत, यादीमुळे नवे येणार नाहीत, असं त्यांना वारंवार सांगितलं गेलं. पण आधीच्या नियमांनीच ज्याचे हात पोळलेत, त्याला "नवं काही नाही" हे आश्वासन वाटेल का?

माझा एक जुना विद्यार्थी गडावर राहतो. नाव लिहीत नाही. घर आजोबांचं, दगडी जोतं, वर कौलं. गेली काही वर्षं मागची भिंत ओल धरते. मी गेलो होतो तेव्हा पावसाळ्यापुरता निळा ताडपत्रीचा तुकडा वर टाकलेला. दुरुस्तीला परवानगी मिळते हे त्याला माहीत आहे. पण त्यासाठी घराचा नकाशा इंजिनिअरकडून काढून घ्यायचा, फोटो जोडायचे, घर १९९२ आधीचं आहे हे दाखवायला घरफाळ्याच्या जुन्या पावत्या शोधायच्या. भिंतीच्या खर्चाआधी कागदांचाच खर्च! तो मला म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं की गडकऱ्याला गड राखण्याबद्दल जमीन असायची. मी पण गडावरच राहतोय की. मला बक्षीस नको, पण दंड तरी कशाचा?"

शिकवलेलं असं अंगावर येतं कधीकधी.

पण मी त्याला हेही म्हटलं की नियम नसते तर काय झालं असतं ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी आहे. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं. सातवाहनकाळातलं नगर निघालं, रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा निघाल्या. याच टेकडीवर मिळालेली ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची, पोसायडनची, वीतभर कांस्यमूर्ती आपल्या टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. किती कोल्हापूरकरांनी ती पाहिली आहे कोण जाणे! दोन हजार वर्षांपूर्वीचं आपलं पहिलं कोल्हापूर ते. आज त्या टेकडीवर दाटीवाटीने घरं आहेत. पुन्हा खणायचं म्हटलं तर कुठे खणणार? वस्तू काचेत आहेत, जागा गेली. पन्हाळ्यावर मोकळं रान दिलं असतं तर तीन दरवाजाच्या कमानीतून समोर चार मजली लॉज दिसलं असतं, यात मला तिळमात्र शंका नाही.

तेव्हा नियम हवाच. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्यावर नियमाचं ओझं टाकता, त्याला त्याचा मोबदला द्या. राष्ट्राने म्हणायचं "हे माझं", आणि त्याची झळ एका गावाने सोसायची, हा कुठला न्याय?

जैसलमेरचं उदाहरण घ्या. तोही वस्तीचा किल्ला, २०१३ मध्ये राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या यादीत गेलेला. तिथे तटाला धोका शत्रूचा नाही, सांडपाण्याचा. वाळवंटात थोड्या पाण्यासाठी बांधलेला किल्ला, त्यात नळ आले, लॉज आले, पाणी जमिनीत मुरलं आणि पाया खचू लागला. आपल्याकडे तर पाऊस. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा मुख्य रस्ता चार दरवाजाजवळ खचून वाहतूक बंद पडली, ते सगळ्यांना आठवत असेल. गडावरची गटारं नीट वाहिली पाहिजेत, पाणी तटात मुरता कामा नये. हे काम पुरातत्त्व खातं एकटं करू शकत नाही आणि तीन हजार वस्तीची नगरपरिषदही करू शकत नाही. पण कोणता झरा कुठून फुटतो आणि कोणत्या बुरजाचा दगड यंदा हलला, हे गडावरच्या माणसाला दिल्लीच्या कुठल्याही तज्ज्ञाआधी कळतं.

२०१० च्या कायद्यातच एक चांगली तरतूद आहे. प्रत्येक स्मारकासाठी तिथली परिस्थिती पाहून वेगळे उपविधी करायचे. कुठे किती उंची, कोणतं छप्पर, कोणता दगड. देशभरात ते फार थोड्या स्मारकांचे झाले आहेत. पन्हाळ्याचे उपविधी गावात बसून, मराठीत, लोकांना विचारून करावेत. जो कौल आणि दगड ठेवून दुरुस्ती करील त्याला सिमेंट-पत्र्यापेक्षा जो जादा खर्च येतो तो सरकारने द्यावा. घराचा नकाशा काढायला एक माणूस नगरपरिषदेत बसवावा, फुकट. तटावरचं गवत काढायचं, तळी उपसायची, पर्यटकांना माहिती द्यायची ही कामं गडावरच्याच पोरांना पगारी द्यावीत. कोटींच्या आराखड्यात हे खर्च इतके किरकोळ आहेत की बहुधा म्हणूनच ते कुणाला सुचत नाहीत.

परदेशातल्या पुतण्याने विचारलंच आहे, म्हणून सांगतो. पुढच्या वेळी आलास की आपण गडावर जाऊ, पिठलं-भाकरी खाऊ, आणि त्या विद्यार्थ्याच्या घरीही जाऊ. त्याने कागद जमवायला घेतलेत. पत्रा नको, कौलंच घालायची असं त्याने आपणहून ठरवलंय. दोन्हींचा खर्च त्याने वहीच्या पानावर शेजारी शेजारी मांडून मला दाखवला, खाली रेघ मारून फरकही काढला. तो फरक कोणत्या योजनेतून मिळेल, हे मात्र त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.